शेऱ्याचा रकाना

परभणीत, जुन्या मोंढ्याच्या मागं, आमचं दुकान.
पाटीवर बंदूक रंगवलेली आहे, दस्त्याचा रंग उडालाय,
लांबून ती बासरी दिसते.
रजिस्टर मी लिहिते.
लायसन नंबर, तारीख, काडतुसं किती दिली,
रिकामी किती परत आली, शिल्लक किती.
अब्बांचं अक्षर ठाण्यात कुणाला लागत नाही,
माझं लागतं.

काल पाथरीहून प्रणित मुळे आला.
आजोबाची रायफल आता त्याच्या नावावर,
सरकारी फॅक्टरीची, तीनशे पंधरा बोअर,
बोल्ट ओढला की गोठ्याची कडी काढल्यासारखा आवाज.
त्याला ती लांब पल्ल्याची करायची होती.
वर दुर्बीण, आत वेगळी गोळी,
टोकदार, शेपटाकडं निमुळती.
सहाशे मीटर म्हणाला. मग सातशे.
हात असा लांब केला
की बोट समोरच्या हळदीच्या गोदामापार गेलं.

अब्बांनी नळी उजेडाकडं धरली.
उजवा डोळा मोतीबिंदूनं दुधी झालाय,
नळीसाठी ते डावा वापरतात.
आटे झिजलेत, म्हणाले.
ही दीडशे पावलांपर्यंत खरं बोलते,
त्यापुढं अंदाजपंचे.

मग काडतूस तळहातावर घेतलं.
बघ, बोथट नाक, शिसं उघडं.
जवळून लागली तर आत फुलते, जनावर जागीच बसतं.
लांब निघाली की वारा विचारतो, कुठं गं?
आणि ही थांबून उत्तर देते.
तुझी टोकदार वाऱ्याला दाद देत नाही, कबूल.
पण पोचल्यावर ती जनावरालाही दाद देत नाही,
सुईगत पल्याड निघून जाते.

प्रणित हसला.
तेव्हा अब्बांनी ते काढलं
जे ते गिऱ्हाइकाला कधी सांगत नाहीत.

जिंतूरचे डोंगर. ज्वारी हुरड्यात.
रोही रात्रीतून एकर एकर तुडवायचे, परवाना निघाला होता.
नाल्यापल्याड बाभळीखाली एक उभा,
चारशे पावलं असतील.
कुणीतरी पैज लावली. अब्बा बावीस वर्षांचे.
बार झाला. रोही वळला आणि चालू लागला.
पळाला नाही, चालू लागला.
हुकली, सगळे म्हणाले, आणि हुरडा भाजायला बसले.
अब्बा एकटे मागं गेले.
दीड दिवस.
एका धोंड्यावर थेंब, मग कोसभर काही नाही,
मग करडईच्या काट्यावर एक.
येलदरीच्या पाण्याजवळ तो बसलेला सापडला,
कान हलवून माश्या उडवत.
त्यानं अब्बांकडं पाहिलं,
येणार म्हणून सांगितलेला माणूस
उशिरा आल्यावर बघतात तसं.

लांबून मारलेलं लांब जाऊन मरतं, अब्बा म्हणाले.
जेवढी लांब टाकशील तेवढं मागून चालायचं.
चालणार असशील तर दुर्बीण बसवतो.

चहा आला. बाहेर ट्रक मागं घेत होते,
क्लीनर ओरडत होता, आने दो, आने दो.
प्रणितनं बशीत चहा ओतला आणि तसाच ठेवला.
आटे नवे करता येतात का, त्यानं विचारलं.
नाही. नळीच बदलावी लागते,
अर्ज, ठाणं, कलेक्टर कचेरी, सहा महिने धर.
मग नुसती साफ करून द्या.
पाच काडतुसं घेतली, बोथट नाकाची.
मी लिहून घेतली.

रात्री माळ्यावरून आजोबांच्या वेळचं रजिस्टर काढलं.
वाळवीनं कडा खाल्ल्यात, पण ते पान आहे.
अब्बांचं नाव, अब्बांचंच न लागणारं अक्षर.
दिली दोन. रिकामी परत, दोन.
शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी खरडलंय,
इतकी वर्षं मला ती सही वाटायची.
बल्बखाली धरलं.
आकडा आहे, चारशे.
त्यावर आडवी रेघ,
आणि वर, बारीक, पाच.